घरच्या इंटरनेटचा ओळख क्रमांक : कंपनी बदलण्याआधी तो हाती हवा

गोंदिया ते बालाघाट हे रेल्वेचे अंतर सुमारे ४० किलोमीटर. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची फेररचना झाली, तेव्हा बालाघाट जिल्हा मध्य प्रदेशात राहिला आणि गोंदियासह भंडाऱ्याचा भाग तेव्हाच्या मुंबई राज्यात गेला. सीमारेषा आखली गेली, पण सोयरिकी, शेती, नोकऱ्या आणि बाजारहाट यांमुळे दोन्ही बाजू एकमेकींना धरूनच राहिल्या. लांजी, किरनापूर, वारासिवनी, कटंगी या भागांत मराठी बोलणारी घरे आजही आहेत. अशा घरातले कुणी बदली होऊन गोंदियाहून बालाघाटला आले, तर मोबाइल नंबर सोबत येतो. घरचे इंटरनेट मात्र येत नाही. ते तिकडे बंद करायचे आणि इकडे नव्याने घ्यायचे. गाव न बदलता नुसती कंपनी बदलायची म्हटले, तरी तेच.

कंपनी बदलताना बहुतेक जण अडतात ते पहिल्याच प्रश्नाशी. ग्राहक सेवेला फोन लावला की पलीकडून विचारणा होते, "आपला यूजर आयडी सांगा." घरात शोधाशोध सुरू होते. बिल कुणाच्या तरी ईमेलवर येते, तो ईमेल उघडता येत नाही. तार जोडून गेलेला मुलगा आता दुसरीकडे कामाला आहे. पैसे दर महिन्याला आपोआप कापले जातात, म्हणून बिल कधी उघडून पाहिलेलेच नसते. कनेक्शन आपले, पैसे आपले, पण कनेक्शनची ओळख मात्र दुसऱ्या कुणाच्या तरी वहीत. ही ओळख म्हणजे काय, ती कुठे सापडते आणि बदलाच्या वेळी ती कशी वापरायची, ते नीट समजून घेऊ.

मोबाइलला सोय आहे, तारेला नाही

भारतात मोबाइल नंबर कायम ठेवून कंपनी बदलण्याची सोय २५ नोव्हेंबर २०१० रोजी हरियाणात सुरू झाली आणि २० जानेवारी २०११ पासून देशभर लागू झाली. सुरुवातीला ती एकाच दूरसंचार परिमंडळापुरती होती. गोंदिया महाराष्ट्र परिमंडळात आणि बालाघाट मध्य प्रदेश परिमंडळात, त्यामुळे ४० किलोमीटरवर गेलेल्या माणसाला तिचा उपयोग नव्हता. ३ जुलै २०१५ पासून परिमंडळाची ही अट गेली. आता १९०० या क्रमांकावर एक संदेश पाठवला की आठ अक्षर-अंकांचा कोड येतो. तो नव्या कंपनीला दिला की पुढचे काम त्या दोन कंपन्या आपसात करतात.

तारेवरून येणाऱ्या घरगुती इंटरनेटला असा कोड आपल्याकडे नाही. त्याचे कारण तारेच्या मालकीत आहे. काही देशांत खांबावरची किंवा जमिनीखालची तार एका संस्थेची असते आणि सेवा विकणाऱ्या कंपन्या अनेक असतात. ब्रिटनमध्ये असेच होते, म्हणून तिथे जुन्या कंपनीकडून एक स्थलांतर कोड मिळत असे. तो ३० दिवस चाले आणि नव्या कंपनीला दिला की त्याच तारेवर नवी सेवा सुरू होई. २०१५ मध्ये त्या तारांच्या जाळ्यावर हा कोड बंद करून सगळी जबाबदारी नव्या कंपनीवर टाकली गेली आणि १२ सप्टेंबर २०२४ पासून सर्व प्रकारच्या तारांसाठी एकच सोपी पद्धत आली. इटलीत ग्राहकाचा स्थलांतर कोड आजही बिलावर छापलेला असतो.

भारतातही हा विचार झाला होता. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, २००४ मध्ये शिफारस केली होती की सरकारी कंपन्यांच्या तांब्याच्या तारा इतर कंपन्यांनाही सेवा देण्यासाठी खुल्या कराव्यात. त्याच वर्षी आलेल्या ब्रॉडबँड धोरणाने ती बंधनकारक केली नाही. पुढे प्रत्येक कंपनीने आपली स्वतःची तार ओढली. म्हणून आज कंपनी बदलणे म्हणजे जुनी तार, जुना डबा आणि जुने खाते बंद करणे आणि सगळे नव्याने उभे करणे. ही दोन स्वतंत्र कामे आहेत. पहिले काम नीट पार पडायचे, तर जुन्या कनेक्शनची नेमकी ओळख आपल्याकडे असावी लागते.

एका कनेक्शनचे अनेक क्रमांक

गोंधळ होतो तो क्रमांक एक नसून अनेक असल्यामुळे. प्रत्येकाचे काम वेगळे आहे.

पहिला, ग्राहक क्रमांक किंवा खाते क्रमांक. हा हिशेबाचा क्रमांक. बिल, अनामत रक्कम, परतावा, कनेक्शन बंद करण्याचा अर्ज हे सगळे याच्या आधाराने चालते. कंपनी बदलताना सर्वांत महत्त्वाचा हाच.

दुसरा, यूजर आयडी. हा जाळ्यात शिरण्याचा परवाना. बऱ्याच कंपन्यांत घरचा राउटर कंपनीच्या सर्व्हरला यूजर आयडी आणि पासवर्ड कळवतो आणि मगच इंटरनेट सुरू होते. या पद्धतीला पीपीपीओई म्हणतात आणि तिचा तांत्रिक मसुदा १९९९चा आहे. यूजर आयडी कधी मोबाइल नंबरासारखा दिसतो, कधी नावासारखा, तर कधी त्याच्या शेवटी कंपनीचे नाव जोडलेले असते. काही कंपन्यांत ग्राहकाला यूजर आयडी टाकावाच लागत नाही. तिथे डब्यावरूनच ओळख पटते.

तिसरा, लँडलाइन क्रमांक. बीएसएनएलच्या कनेक्शनसोबत तो असतोच, इतर मोठ्या कंपन्याही फायबरसोबत एक देतात. अनेक ठिकाणी एसटीडी कोडसह हा क्रमांक हीच कनेक्शनची ओळख असते. बालाघाटचा कोड ०७६३२ आणि गोंदियाचा ०७१८२. विदर्भ, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड यांचे कोड ०७ ने सुरू होतात, तर पुणे, नाशिक, कोल्हापूर यांचे ०२ ने. शून्य वगळून कोड आणि पुढचा क्रमांक मिळून दहा अंक होतात. तक्रार करताना कोड सोडून नुसते शेवटचे सहा अंक सांगितले, तर शोध चुकीच्या गावात जाऊ शकतो.

चौथा, डब्याचा क्रमांक. फायबर ज्या डब्यात येऊन संपते, त्याला ओएनटी किंवा ओएनयू म्हणतात. कंपनीच्या केंद्रातल्या यंत्रापासून एक फायबर निघते आणि वाटेत स्प्लिटरमधून ३२ किंवा ६४ घरांना वाटली जाते. केंद्रातून निघालेला प्रकाश त्या सगळ्या घरांत पोहोचतो, तेव्हा कोणती माहिती कुणाची हे ठरते डब्याच्या ओळखीवरून. जीपॉन या प्रचलित पद्धतीत डब्याला बारा चिन्हांचा सिरियल नंबर असतो. पहिली चार अक्षरे बनवणाऱ्या कंपनीची आणि पुढची आठ त्या डब्याची. ईपॉन पद्धतीत हेच काम मॅक ॲड्रेस करतो. तोही बारा चिन्हांचा असतो आणि त्यातली पहिली सहा उत्पादकाची खूण असते. डबा परत करताना पावतीवर हाच क्रमांक लागतो.

याखेरीज ऑफिस, बँक किंवा शाळेच्या खास लाइनला सर्किट आयडी असतो, तो घरगुती ग्राहकाला सहसा लागत नाही. वायफायचे नाव आणि आयपी ॲड्रेस यांना मात्र कनेक्शनची ओळख समजू नये. वायफायचे नाव आपण केव्हाही बदलू शकतो. घरगुती कनेक्शनचा आयपी ॲड्रेस बदलत राहतो आणि अनेकदा एकच ॲड्रेस कंपनी पुष्कळ ग्राहकांत वाटून देते.

शोधायचे कुठे

सुरुवात बिलापासून करावी. छापील बिल येत नसेल, तर ईमेलच्या पेटीत कंपनीचे नाव टाकून शोधावे. ग्राहक क्रमांक बहुधा पहिल्या पानावर वरच्या बाजूला असतो. प्रीपेड कनेक्शन असेल तर बिलाऐवजी रिचार्जची पावती पाहावी. पैसे यूपीआयने भरले असतील, तर त्या ॲपच्या इतिहासातही तो सापडतो, कारण बिल भरताना आपण तोच टाकलेला असतो. हा मार्ग सहसा कुणाला सुचत नाही, पण जुने बिल हाती नसेल तर हाच सर्वांत लवकर उपयोगी पडतो.

त्यानंतर मोबाइलवरचे संदेश पाहावेत. कनेक्शन सुरू झाले त्या दिवशी कंपनी ग्राहक क्रमांक आणि यूजर आयडी पाठवते. कंपनीचे ॲप असेल, तर नोंदलेल्या मोबाइल नंबराने आत शिरल्यावर ‘माझे खाते’ किंवा ‘प्रोफाइल’ या भागात हे क्रमांक मिळतात.

मग डबा उलटा करून पाहावा. खालच्या किंवा मागच्या बाजूच्या चिठ्ठीवर सिरियल नंबर, मॅक ॲड्रेस आणि राउटरचे पान उघडण्याचा पत्ता छापलेला असतो. चिठ्ठीचा फोटो काढून ठेवावा. बालाघाटच्या उन्हाळ्यात आणि पावसाळी ओलीत ती शाई काही वर्षांत पुसट होते.

यूजर आयडी कुठेच मिळाला नाही, तर राउटरचे पान उपयोगी पडते. घरच्या वायफायला जोडलेल्या फोनवर किंवा संगणकावर ब्राउझर उघडून चिठ्ठीवरचा पत्ता टाकावा. बहुधा तो १९२.१६८.१.१ असतो. आत गेल्यावर ‘वॅन’ किंवा ‘इंटरनेट’ या भागात यूजर आयडी दिसतो, पासवर्ड मात्र ठिपक्यांखाली झाकलेला असतो. तिथे फक्त वाचावे, काही बदलू नये, आणि राउटरचे रीसेटचे बटण तर मुळीच दाबू नये. रीसेट झाला की यूजर आयडी आणि पासवर्ड दोन्ही पुसले जातात आणि चालू असलेले इंटरनेटही बंद पडते.

सगळे मार्ग संपले, तर नोंदलेल्या मोबाइलवरून ग्राहक सेवेला फोन करावा. तो नंबर पाहूनच कंपनीला खाते सापडते.

तार कुणाची, परवाना कुणाचा

बालाघाटसारख्या जिल्ह्यात एक जास्तीची अडचण आहे. गल्लीत तार ओढणारा आणि पैसे घेऊन जाणारा केबलवाला हाच आपली कंपनी, असे लोक धरून चालतात. प्रत्यक्षात तो अनेकदा एखाद्या परवानाधारक कंपनीचा स्थानिक भागीदार असतो. बीएसएनएलचे फायबरही पुष्कळ ठिकाणी स्थानिक भागीदारांमार्फत घरोघरी पोहोचते. इंटरनेट सेवेचे परवाने तीन प्रकारचे असतात : देशभराचा, परिमंडळापुरता आणि त्याहून लहान क्षेत्रापुरता. त्यामुळे आपल्या घरचे कनेक्शन देशभरच्या कंपनीचे असू शकते, तसेच जवळच्या शहरातल्या लहान कंपनीचेही.

हे ठाऊक नसेल तर तक्रार चुकीच्या दारी जाते. केबलवाल्याने वहीत लिहिलेला क्रमांक हा त्याच्या हिशेबाचा क्रमांक असू शकतो. कंपनीच्या नोंदीत तो सापडतोच असे नाही. म्हणून त्याला दोन गोष्टी विचारून घ्याव्यात : परवानाधारक कंपनीचे नाव काय, आणि त्या कंपनीच्या नोंदीत माझा ग्राहक क्रमांक कोणता? पावतीवर कंपनीचे नाव नसेल, तर ते असलेली पावती मागावी.

केंद्र सरकारच्या संचार साथी या संकेतस्थळावर आपल्या भागात तारेवरून इंटरनेट देणाऱ्या कंपन्या शोधण्याची सोय आहे. तिथे पिनकोड टाकला, बालाघाट शहरासाठी ४८१००१, की त्या भागातल्या परवानाधारक कंपन्यांची नावे दिसतात. नवी कंपनी निवडतानाही ही यादी कामाची आहे.

सीमेवरच्या घरांसाठी आणखी एक खूण आहे. बिलावर कंपनीचा जीएसटी क्रमांक असतो आणि त्याचे पहिले दोन अंक राज्याचे असतात : मध्य प्रदेशाचे २३ आणि महाराष्ट्राचे २७. गोंदियातले जुने खाते बंद न करता बालाघाटात नवे घेतले असेल आणि हाती दोन बिले असतील, तर कोणते बिल कोणत्या घराचे हे या दोन अंकांवरून लगेच कळते.

गावांकडे हा प्रश्न वेगळ्या रूपात येतो. ग्रामपंचायतींना फायबरने जोडण्याच्या योजनेला केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑक्टोबर २०११ मध्ये मंजुरी दिली. आज ती भारतनेट म्हणून ओळखली जाते. ४ ऑगस्ट २०२३ रोजी सुमारे १ लाख ३९ हजार कोटी रुपयांच्या सुधारित कार्यक्रमाला मान्यता मिळाली आणि त्यात गावातल्या उद्योजकांमार्फत घरोघरी कनेक्शन देण्यावर भर आहे. जंगलातून आणि घाटांतून जाणारी तार तुटली, तर गावकऱ्याला आधार एका स्थानिक तरुणाचा आणि एका ग्राहक क्रमांकाचा. तो क्रमांक पंचायत कार्यालयाच्या कपाटात असून भागत नाही, ज्याच्या घरी तार आली आहे त्याच्याकडे हवा.

नाव कुणाचे, मोबाइल कुणाचा

ओळख क्रमांक सापडला तरी त्याच्यासोबत नोंदलेला मोबाइल नंबर बंद पडलेला असेल, तर काम अडते, कारण ओटीपी त्याच नंबरावर जातो. कनेक्शन कधी घरमालकाच्या नावावर असते, कधी आधीच्या भाडेकरूच्या, कधी पुण्या-नागपुरात नोकरी करणाऱ्या मुलाच्या, तर कधी निवर्तलेल्या वडिलांच्या. कंपनी बदलायचे ठरवण्याच्या आधीच नोंदलेला मोबाइल आणि ईमेल बदलून घ्यावा. त्यासाठी ओळखपत्र आणि ग्राहक क्रमांक लागतो. ज्याच्या नावावर खाते आहे, तो हयात नसेल, तर त्याच्या वारसाने कंपनीच्या कार्यालयात लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी. भाड्याच्या घरात राहायला जाताना तर आधीच्या भाडेकरूचे कनेक्शन तसेच पुढे चालवू नये; आपल्या नावाने नवे घ्यावे. इंटरनेटवर त्या तारेतून जे घडते, त्याची पहिली विचारणा नोंदलेल्या माणसाकडे होते.

बदलाचा क्रम

क्रमांक हाती आले की काम सरळ होते. आधी नवे कनेक्शन घ्यावे आणि ते नीट चालते का, हे काही दिवस पाहावे. पाऊस पडला की तार टिकते का, संध्याकाळी सगळी घरे जोडलेली असताना वेग राहतो का, याचा अंदाज त्यातून येतो. तोवर जुने कनेक्शन चालू ठेवावे. नव्या कंपनीचा माणूस जुनी तार कापायला निघाला, तर त्याला थांबवावे.

नव्या राउटरवर वायफायचे नाव आणि पासवर्ड जुन्यासारखेच ठेवावेत. मग घरातले फोन, टीव्ही आणि कॅमेरे यांतला बहुतेक एकही नव्याने जोडावा लागत नाही. त्या आधी जुन्या राउटरचे वायफाय बंद करावे, नाहीतर दोन्ही एकाच नावाने दिसत राहतील.

नवे नीट चालू लागल्यावर जुने बंद करण्याचा अर्ज ॲपवर, ईमेलने किंवा कार्यालयात द्यावा. त्यात ग्राहक क्रमांक, यूजर आयडी, लँडलाइन क्रमांक आणि डब्याचा सिरियल नंबर, चारही लिहावेत. अर्जाचा नोंद क्रमांक मागून घ्यावा. नुसते पैसे भरायचे थांबवले म्हणजे कनेक्शन बंद झाले असे नसते; पोस्टपेड खात्यावर थकबाकी चढत जाते. डबा कंपनीचा असेल तर तो परत करून सिरियल नंबर असलेली पावती घ्यावी. डबा आपण विकत घेतला असेल, तर ठेवून घ्यावा. नवी कंपनी त्याच पद्धतीची असेल आणि तिने मान्य केले, तर तो तिच्या केंद्रात नोंदवून वापरता येतो. शेवटचे बिल आणि अनामत रकमेचा परतावा पाहिल्यावरच बँकेतली किंवा यूपीआयची आपोआप कापणी रद्द करावी, आणि रद्द झाल्याची खात्री करावी.

परतावा अडला किंवा बंद केलेल्या कनेक्शनचे बिल येत राहिले, तर आधी कंपनीच्या तक्रार केंद्राकडे जावे आणि तक्रार क्रमांक घ्यावा. समाधान झाले नाही, तर कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे अपील करता येते. ट्रायच्या २०१२च्या नियमांत त्याची तरतूद आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. या प्रत्येक पायरीवर पहिल्या ओळीत ग्राहक क्रमांक लिहावा लागतो.

हे क्रमांक जपायचेही आहेत. कंपनीकडून बोलतो असे सांगणाऱ्या अनोळखी माणसाला ओटीपी किंवा पासवर्ड देऊ नये. मदत मागताना डब्याच्या चिठ्ठीचा फोटो सर्वांना दिसेल अशा ठिकाणी टाकू नये, कारण त्यावर अनेकदा वायफायचा मूळ पासवर्डही छापलेला असतो.

मागणी करण्याजोगी गोष्ट

२०२४च्या अखेरीस देशात ब्रॉडबँड ग्राहक ९४ कोटींच्या आसपास होते आणि त्यांतले तारेचे सुमारे ४ कोटी. मोबाइलच्या मानाने ही संख्या लहान आहे, म्हणून तारेच्या ग्राहकाची सोय मागे पडली. पण मुलांचा अभ्यास, दुकानाचा हिशेब, शेतकऱ्याचे अर्ज आणि डॉक्टरचा सल्ला आता याच तारेवरून चालतो. प्रत्येक बिलावर आणि पावतीवर, ग्राहकाला वाचता येईल अशा भाषेत आणि ठळक अक्षरांत, परवानाधारक कंपनीचे नाव आणि कनेक्शनचा एकच ओळख क्रमांक छापणे सर्व कंपन्यांना बंधनकारक व्हावे. इटलीत बिलावर स्थलांतर कोड छापता येतो, तर आपल्याकडे एवढे करणे अशक्य नाही. ग्राहक संघटनांनी आणि पंचायतींनी ट्रायकडे ही मागणी लेखी करावी.

ते होईपर्यंत काम आपल्याच हाती आहे. कंपनीचे नाव, ग्राहक क्रमांक, यूजर आयडी, लँडलाइन क्रमांक, डब्याचा सिरियल नंबर, नोंदलेला मोबाइल आणि अनामत रक्कम, या सात गोष्टी एका कागदावर लिहून विजेच्या बिलाच्या फाइलीत ठेवाव्यात आणि त्या कागदाचा फोटो घरातल्या दोघांच्या फोनवर असावा. आज इंटरनेट चालू आहे, राउटरचे पान उघडते आहे आणि जुना मोबाइल नंबर अजून सुरू आहे. हे क्रमांक उतरवून घ्यायला याहून सोपा दिवस मिळणार नाही.